आकाश की पहाट

"आज मी चकार शब्द काढणार नाही," कुसुमोतो योशिनोरींनी सुपाचा वाडगा खाली ठेवत जाहीर केलं. "देवळाच्या दारात दगडी सिंह बसतात ना, तसा बसेन."

"त्या सिंहाचं तोंड उघडं असतं, बाबा," कासुमि म्हणाली.

"जोडीतल्या एकाचं उघडं असतं. दुसऱ्याचं मिटलेलं. मी दुसरा."

कासुमिने आजीकडे पाहिलं. तोमिआजी योशिनोरींची आई, म्हणजे या सिंहाला जन्मापासून ओळखणारी. ती मुळ्याचं लोणचं चावत राहिली. तिच्या चेहऱ्यावर विश्वास असा कुठे दिसेना.

त्या दिवशी दोन्ही घरं पहिल्यांदाच एकत्र जेवायला बसणार होती. कासुमिचं नागुरा रेन्तारोशी जमलं होतं. मुलगा हामामात्सुचा, शांत, सरळमार्गी. कासुमिचं गाव नुमाझु; तेव्हा दोन्ही गावांपैकी कुणालाच अपमान वाटू नये म्हणून तिसऱ्याच, मिशिमा गावातल्या झऱ्याकाठच्या एका खानावळीत वेगळी खोली घेतली होती. जेवायचं, गोड बोलायचं आणि लग्नाची तारीख ठरवून उठायचं, एवढंच काम. कासुमिने वडिलांना एकच अट घातली होती. जेवताना 'गोराइकेन'चं नाव काढायचं नाही.

अट उगाच नव्हती. योशिनोरी मोटार शिकवायच्या शाळेत शिक्षक होते. सगळी उमर शिकाऊ लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसण्यात गेलेली. त्यामुळे घरी खुर्चीवर बसले तरी त्यांचा उजवा पाय जमिनीत ब्रेक शोधत असे. असा माणूस स्वस्थ बसणं कठीणच, पण 'गोराइकेन'चा विषय निघाला की त्यांना आवरायला ब्रेकही नव्हता. एकदा एका विद्यार्थ्याला ते त्यातली डोंगरावरची लढाई समजावून सांगत होते, तेव्हा गाडी हळूहळू मुळ्याच्या शेतात उतरली. मामेभावाच्या तेराव्याला... म्हणजे आपल्याकडे तेरावं म्हणतात तसल्या जेवणाला, त्यांनी भिक्षूला बाजूला घेऊन विचारलं होतं, की तोराकिचिने गुरूवर हात उचलला ते धर्माला धरून होतं का.

'गोराइकेन' म्हणजे गरजणारी मूठ. सार्वजनिक न्हाणीघराची भट्टी पेटवणाऱ्याचा मुलगा तोराकिचि, त्याची ती मूठ आणि ती मोडायला गावोगावहून येणारे मल्ल, अशी ही टीव्हीवरची कार्टून मालिका. दर बुधवारी संध्याकाळी वर्षानुवर्षं चालली. योशिनोरींची पिढी तिच्यावर वाढली. मूळ मालिकेबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. भांडण होतं ते तिच्या पुढच्या मालिकांचं.

कारण त्या दोन होत्या. लेखक दमून संत्र्यांच्या बागेत जाऊन बसला, तेव्हा दूरदर्शनवाल्यांनी आपल्याच डोक्याने कथा पुढे नेली. ती 'दूरचं आकाश'. तीत तोराकिचि म्हातारा झालेला, मूठ वळत नाही आणि सुझुना नावाची अनाथ पोर त्याचा हात धरून गावोगाव हिंडते. मग बऱ्याच वर्षांनी लेखक बागेतून परत आला आणि त्याने स्वतः दुसरी लिहिली. ती 'पुन्हा पहाट'. तीत तोराकिचि अजून धट्टाकट्टा, त्याला उतारवयात मुलगा होतो आणि सुझुना कुठेच नाही. 'आकाश' जणू घडलंच नव्हतं. तेव्हापासून देशातले सगळे 'गोराइकेन'वाले दोन गटांत विभागले गेले. आकाशवाले आणि पहाटवाले.

योशिनोरी कट्टर आकाशवाले. कासुमि लहान असतानाच तिची आई गेली. त्या वर्षांत बापलेक 'आकाश'च्या जुन्या फिती लावून बसत. सुझुना म्हाताऱ्याचा हात धरून चालायची ते पाहून कासुमिही मासळीबाजारात बापाचा हात सोडत नसे. हे योशिनोरींनी कुणाला सांगितलं नव्हतं. ते फक्त म्हणायचे, "'आकाश'ला कथानक आहे."

खोलीत तातामीच्या चटयांवर तिघांसमोर तिघं बसले. समोर रेन्तारो, त्याची आई फुमिए आणि वडील हिदेताका. हे नागुरा हिदेताका पियानो जुळवणारे गृहस्थ. लांब बोटं, कमी बोलणं. सुरुवातीला दोन्ही बाजूंनी इतक्या वेळा वाकून नमस्कार झाले, की तोमिआजीला वाटलं, कुणाचं तरी काहीतरी खाली पडलंय आणि सगळे शोधतायत. तिचं कानातलं यंत्र सकाळपासून शिट्टी मारत होतं. तिने ते बंद करून टाकलं आणि कुणी बोललं की हसायचं असं धोरण ठेवलं.

"आज हवा छान आहे," योशिनोरी म्हणाले.

"छान आहे," हिदेताका म्हणाले.

"गाडी वेळेवर होती?"

"वेळेवर होती."

विषय संपले. योशिनोरी घड्याळ पाहत होते, कॉलर सैल करत होते, टेबलाखाली ब्रेक दाबत होते. समोर हिदेताकांची बोटं टेबलाच्या कडेवर अदृश्य पट्ट्या वाजवत होती. रेन्तारो वडिलांच्या बोटांकडे आणि कासुमि वडिलांच्या गुडघ्याकडे पाहत होती. फुमिएबाई आपल्या मुलाच्या लहानपणाबद्दल सांगत होत्या. फार उशिरा झालेला मुलगा, नवससायास करून. कासुमि गोड हसत ऐकत होती. सगळं सुरळीत चाललं होतं.

तेवढ्यात वाढपीण आली आणि तिने प्रत्येकासमोरच्या चिमुकल्या शेगडीखालची ज्योत पेटवली. वर न जळणाऱ्या कागदाच्या भांड्यात रस्सा होता. हिदेताकांनी ज्योतीकडे पाहिलं. आणि ते स्वतःशीच, ओठ न हलवता पुटपुटले,

"आधी पाणी तापू दे."

योशिनोरींचा पाय ब्रेकवरच थिजला. प्रत्येक लढाईआधी तोराकिचि हेच म्हणायचा. लाखो पोरांनी आंघोळीआधी हेच म्हणून आयांचा मार खाल्ला होता. त्यांनी कासुमिकडे पाहिलं. तिनेही ऐकलं होतं. तिची मान नकारार्थी हलत होती, अगदी बारीक, पण जोरात.

योशिनोरींनी मनाशी न्याय केला. विषय त्यांनी काढला नव्हता. आणि पाहुण्याने बोललेल्या शब्दाला उत्तर न देणं हा उद्धटपणा.

"मग हाडं शेकू," ते म्हणाले.

हिदेताकांची मान झटकन वर आली. वीस मिनिटं जो चेहरा बंद पियानोसारखा होता, त्याचं झाकण उघडलं.

"कुसुमोतोसान, आपणसुद्धा?"

"शाळेत असल्यापासून."

"बाबा," रेन्तारो म्हणाला, "तुम्ही मला शब्द दिला होता."

तेव्हा कासुमिला कळलं, की हामामात्सुच्या घरीही सकाळी कुणीतरी दगडी सिंह व्हायचं कबूल केलं होतं.

पण पुढचा काही वेळ इतका छान गेला, की दोघा मुलांनी सुटकेचा श्वास टाकला. भट्टीपुढची लढाई, गुरूचा मृत्यू, आंधळ्या मल्लाची शपथ. एकाने वाक्य सुरू करायचं, दुसऱ्याने संपवायचं. योशिनोरींनी हिदेताकांच्या पेल्यात साके ओतली, हिदेताकांनी योशिनोरींच्या. फुमिएबाई कौतुकाने म्हणाल्या, "आमचे हे इतकं बोलतात हे मला आज कळलं." आणि गोड काय मागवायचं ते पाहायला त्या वाढपिणीबरोबर बाहेर गेल्या.

"आणि नंतरची मालिका," हिदेताका म्हणाले. "मूळ मालिकेच्या तोडीची. मी तर म्हणेन, काकणभर सरस."

"माझ्या तोंडचं बोललात," योशिनोरी म्हणाले. "तो हात धरण्याचा प्रसंग."

"अहाहा. दाराशी, ना?"

"दाराशी? नाही, नदीवर."

"नदी कुठली? तो मुलाचा हात धरतो, तो दाराशीच."

"मुलाचा? मुलीचा."

दोघांनी पेले खाली ठेवले. रस्सा उकळायला लागला होता.

"आपण 'आकाश'बद्दल बोलत होतात तर," हिदेताका म्हणाले.

"आणि आपण 'पहाट'बद्दल," योशिनोरी म्हणाले.

सभ्य माणसांचा राग चढतो तसतशी त्यांची भाषा खाली वाकत जाते. पहिल्यांदा 'आपण' होतं. मग 'आपल्यासारखे जाणकार' आलं. मग हिदेताका म्हणाले, "माझ्यासारख्या अडाण्याला आपला उच्च विचार कळत नाही, पण," आणि त्या 'पण'वर रेन्तारोने डोळे मिटून घेतले.

त्याच वेळी तोमिआजीला वाटलं, मंडळी एवढी रंगात बोलतायत, आपणही जरा ऐकावं. तिने यंत्र चालू केलं. शिट्टी वाजली, थांबली आणि तिच्या कानात हिदेताकांचं पहिलं स्वच्छ वाक्य पडलं.

"जिला खुद्द जन्मदात्याने आपली म्हटलं नाही, तिला घराण्यात कशी घ्यायची?"

आजीच्या जेवणाच्या काड्यांत धरलेला मासा तोंडाच्या वाटेतच थांबला.

"जन्म कुणी दिला याला काय महत्त्व?" योशिनोरी ताडकन म्हणाले. "वाढवलं कुणी ते बघा."

आजीने आपल्या मुलाकडे पाहिलं. मग कासुमिकडे. मग आठवणीतल्या सुनेकडे. लाख गुणी सून. मरेपर्यंत सासूच्या पायाला तेल चोळलं. तिच्यावर हा आळ? आणि आपला मुलगा तो कबूलही करतोय? इतकी वर्षं पोटात ठेवून?

"पण रक्त एक नाही, हे तर आपण मान्य कराल?" हिदेताका म्हणाले.

"रक्त, रक्त काय घेऊन बसलात," योशिनोरी गुडघ्यावर उभे राहिले. "तुमच्याकडे काय आहे ते सांगू? म्हातारपणी जन्माला घातलेलं पोर. नावावर चार पैसे मिळतील म्हणून. ना जोर, ना आकार. बापाच्या पुण्याईवर जगतंय."

सरकतं दार उघडलं होतं. दारात फुमिएबाई उभ्या होत्या. लाल घेवड्याचा गोड पदार्थ मिळेल, हे सांगायला आलेल्या. त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"म्हातारपणी?" त्या म्हणाल्या. "अहो, मी अडतीस वर्षांची होते."

"आणि माझी सून," तोमिआजी कडाडली, "देवमाणूस होती. तिच्याबद्दल हामामात्सुच्या लोकांनी बोलायचं काम नाही."

"तुमच्या सुनेबद्दल कोण बोललं?" फुमिएबाईंनी विचारलं. "माझ्या मुलाला ना जोर ना आकार म्हणणारे तुमचेच चिरंजीव ना?"

"पोरीला घराण्यात कशी घ्यायची म्हणणारे तुमचेच यजमान ना?"

"तुम्ही असं म्हणालात?" फुमिएबाई नवऱ्याकडे वळल्या.

"म्हणालो," हिदेताका म्हणाले. ते अजून वादातून बाहेर आले नव्हते. "आणि पुराव्यानिशी सिद्ध करू शकतो."

तोमिआजी उठली. गुडघ्याच्या दुखण्यामुळे तिला उठायला एरवी दोघांची मदत लागते. आज लागली नाही. "चल कासुमि," ती म्हणाली. "या घरात तुला द्यायची नाही." तिकडे फुमिएबाई रेन्तारोचा कोट उचलून त्याच्या अंगावर चढवत होत्या, एक हात उलट्या बाहीत. दोघा बापांना या उठाउठीचं कारण काही केल्या कळेना. ते एकमेकांकडे असे पाहत होते, जणू दुसऱ्याने काहीतरी भयंकर केलंय.

कासुमिने आजीचे खांदे धरले आणि यंत्राजवळ तोंड नेलं. "आजी, सुझुनाबद्दल बोलतायत ते. टीव्हीवरच्या. मालिकेबद्दल."

आजी थांबली.

"कार्टून?" तिने विचारलं.

"हो."

"हे दोघं?"

"हो."

आजीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. एकाचे केस पांढरे, दुसऱ्याचे होते तितके काळे केलेले. मग ती फुमिएबाईंकडे वळली आणि जमिनीला कपाळ टेकवून माफी मागितली. फुमिएबाईंनीही टेकवलं. दोघी बराच वेळ वर येईनात, कारण आधी कुणी यायचं ते ठरत नव्हतं. वाढपीण गोड घेऊन आली, हा देखावा पाहून तशीच परत गेली.

कासुमिचा राग सावकाश चढत असे. आता तो वर पोचला.

"आणि नागुरासान," ती म्हणाली, "एक सांगते. आमच्या बाबांनी 'पहाट' पाहिलेली नाही."

"म्हणजे, पूर्ण नाही," हिदेताका समजुतीने म्हणाले.

"म्हणजे, अजिबात नाही. एकही भाग नाही. सुझुना नाही म्हटल्यावर त्यांनी टीव्हीच बंद केला होता. दिवसभर."

योशिनोरींचा पाय ब्रेकवर गेला. ब्रेक नव्हता.

हिदेताकांचा चेहरा पडला. आतापर्यंतच्या एकाही शब्दाने त्यांना एवढं लागलं नव्हतं. "मी 'आकाश' दोनदा पाहिली," ते हळूच म्हणाले. "आवडत नव्हती, तरी. नावं ठेवायची तर बघून ठेवावीत म्हणून."

योशिनोरींना काहीतरी म्हणायचं होतं. तेवढ्यात रेन्तारो बोलला. सबंध जेवणात त्याच्या वाट्याला एकच वाक्य आलं होतं. त्याचा एक हात अजून उलट्या बाहीत होता.

"मी तेरा-चौदा वर्षांचा असताना शाळेत जाणं सोडलं होतं," तो म्हणाला. "खोलीतून बाहेर यायचो नाही. आई ताट दाराशी ठेवायची. 'पहाट'मध्ये तोराकिचिचा मुलगाही तसाच दार लावून बसतो. तोराकिचि मूठ आपटत नाही, दार फोडत नाही. नुसता बाहेर बसतो. ते बघून आमचे बाबा माझ्या दाराबाहेर येऊन बसायला लागले. बोलायचे नाहीत. टीव्ही मात्र मोठ्याने लावून ठेवायचे. एका बुधवारी मला राहवलं नाही, आणि मी पुढे काय होतं ते बघायला बाहेर आलो."

फुमिएबाई खिडकीतून झऱ्याकडे पाहत होत्या. हिदेताकांची बोटं थांबली होती.

"ना जोर, ना आकार," योशिनोरी स्वतःशीच पुटपुटले. आपलंच वाक्य त्यांना घशात काट्यासारखं टोचलं. मासा तर त्यांनी खाल्लाही नव्हता.

तारीख ठरली नाही. स्टेशनवर निरोप घेताना कासुमिने दोघांनाही सांगितलं, "तुम्ही दोघं माणसांसारखं बोलायला लागलात की कळवा. मग आम्ही तारीख बघू." रेन्तारो म्हणाला, "मीही तेच म्हणतो." म्हणून झाल्यावर तो स्वतःच जरा दचकला.

पुढचे दिवस योशिनोरींना काट्यावर बसल्यासारखे गेले. शिकवताना त्यांनी विनाकारण इतक्यांदा ब्रेक दाबला, की एका बाईने आपलं काय चुकतंय म्हणून रडायलाच सुरुवात केली. घरात कासुमि कामापुरतं बोलत होती. ते फोन उचलत, ठेवत, अंगणात जात, परत येत. माफी मागायची तर कशाची, हेही ठरेना. "पाहिली नव्हती, माफ करा" म्हटलं तर पुढचा प्रश्न असणार, "आता पाहिलीत का?"

शेवटी सुट्टीच्या सकाळी त्यांनी 'पहाट' लावली. हेतू शुद्ध नव्हता. रेन्तारोचा तो प्रसंग सोडून बाकी सगळं टाकाऊ आहे, हे पाहून मग सभ्यपणे फोन करावा, असा बेत होता.

"आवाज कमी कर," तोमिआजी शेंगा सोलता सोलता म्हणाली.

"चित्रं बघ," योशिनोरी म्हणाले. "नुसता चकचकाट. 'आकाश'मध्ये पाऊस पडला तर ओलं वाटायचं."

जेवणाच्या वेळेपर्यंत त्यांच्या तक्रारी कमी झाल्या. जेवण झाल्यावर थांबल्या. पुढच्या सुट्टीला त्यांनी चहा घेऊन सकाळपासूनच बैठक मारली. आजीच्या शेंगा केव्हाच संपल्या होत्या, तरी ती उठली नव्हती.

"आवाज वाढव," ती म्हणाली.

तोराकिचिच्या मुलाने दार लावून घेतलं होतं. तोराकिचि आला. त्याने मूठ वळली, दाराकडे पाहिलं, मूठ उघडली आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसला. बस्स. बराच वेळ पडद्यावर दुसरं काही झालं नाही. योशिनोरींना एकदम मासळीबाजार आठवला आणि त्यांच्या नाकात पाणी आलं. आई पाहत नाही ना, म्हणून त्यांनी बाजूला पाहिलं. आई पाहत नव्हती. ती तोंडाला फडकं लावून बसली होती.

त्यांनी फोन लावला. दुसरी घंटी वाजायच्या आत तिकडून उचलला गेला.

"नागुरा बोलतोय."

"कुसुमोतो." योशिनोरींनी घसा साफ केला. भाषण तयार होतं, पण वेळेवर त्यातलं एकही वाक्य हाती लागेना. "ठीक आहे."

"काय ठीक आहे?"

"'पहाट.' बघण्यासारखी आहे."

तिकडून टेबलावर बोटं वाजल्याचा आवाज आला.

"कुठवर आलात?" हिदेताकांनी विचारलं.

"तो दाराबाहेर बसलाय."

"हं." मग हिदेताका आवाज खाली आणत म्हणाले, "कुसुमोतोसान, आता आपण सोयरे होणार, म्हणून सांगतो. तिथेच थांबलात तरी चालेल."

"म्हणजे?"

"पुढचे भाग तितके चांगले नाहीत. मधे तर नुसतं पाणी घातलंय. आणि शेवटाचं त्यांनी पार वाटोळं केलंय."

योशिनोरींनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं, आणि परत कानाला लावला.

"हे तुम्हाला माहीत होतं? आणि तरी तुम्ही भर जेवणात माझ्याशी एवढे भांडलात?"

"लग्नाची बोलणी होती," हिदेताका म्हणाले. "मुलाकडचे आम्ही. पहिल्याच बैठकीत माघार कशी घेणार?"